चिमटेकाका

चिमटे हे त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव शिधापत्रिकेवर आहे आणि पोस्टमनला माहीत आहे. बाकी शिरगावला आता त्याची गरज पडत नाही. शर्टाच्या ज्या खिशात इतर निवृत्त माणसं पेन आणि चष्मा ठेवतात, तिथे काकांचा स्टीलचा चिमटा असतो. भुवया कोरायचा, टोकाला बारीक. तो मुळात सुनेचा. ती गणपतीला आली होती, जाताना तो इथे विसरला की विसरवला गेला, यावर घरात अजून एकमत नाही. दुसऱ्या खिशात भिंग. हातातल्या पिशवीत लोणच्याची जुनी बरणी, अर्धी स्पिरिटने भरलेली. तिच्या तळाशी एरंडीच्या बियांसारखं काहीतरी पडलेलं असतं. त्या एरंडीच्या बिया नव्हेत. पण तुम्हाला तसं वाटलं तर काका खूश होतात, कारण लॅटिनमध्ये गोचीड आणि एरंड या दोघांना एकच शब्द आहे, 'रिसिनस', हे सांगायची त्यांना संधी मिळते. शिरगावात लॅटिन ऐकायचं असेल तर एवढंच.

रस्त्यात भेटल्यावर 'काय काका, बरे आहात ना?' असं तुम्ही विचारलंत आणि तुमच्यासोबत कुत्रा असला, तर उत्तराची घाई करू नये. काका एव्हाना उकिडवे बसलेले असतात. आधी डावा कान उलटा, मग उजवा. मग गळपट्ट्याखाली, बगलेत, पायांच्या बोटांच्या बेचक्यात आणि शेवटी शेपटीच्या मुळाशी. हा क्रम कधी चुकत नाही. आमचा मोत्या जातीचा गावठी, मला स्वतःलाही कान धरू देत नाही. काका दिसले की तो हजेरीला उभा राहिल्यासारखा गप्प उभा राहतो. दीड मिनिटाने मान वर होते. 'हं. बरा आहे.' हे मोत्याबद्दल की स्वतःबद्दल, ते विचारायचं नसतं.

आणि एवढं झाल्यावर, गुडघ्यावर हात टेकून उठता उठता, ते वाक्य येतंच: 'मला कुत्री आवडत नाहीत हं. आधीच सांगून ठेवतो.'

हे ते गेली कित्येक वर्षं आधीच सांगून ठेवत आहेत.

काकांनी तारापूरच्या एमआयडीसीत, एका रंगांच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला एकतीस वर्षं काढली. सकाळी एसटीने पालघर, तिथून गाडीने बोईसर, संध्याकाळी उलटं. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या मालातली खोट काढण्याचा पगार मिळाला. निवृत्तीनंतर पगार थांबला, पण नजर कशी थांबणार? पहिले काही महिने ती काकूंच्या आमटीवर चालली. मीठ 'मर्यादेत पण वरच्या बाजूला' असल्याचे शेरे येऊ लागले. पोळ्यांचा व्यास मोजला गेला. काकू सांगतात, 'ब्रुनो आला नसता तर मी माहेरी निघून गेले असते. बासष्टाव्या वर्षी.'

ब्रुनो आला २०१९च्या जूनमध्ये. मुलाचा मीरा रोडला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यात लॅब्राडोर, आणि आता पाळणा हलणार. 'दोनच महिने ठेवा, बाबा.' दोन महिन्यांचं ते पाहुणं ओट्यावर आडवं झालं ते झालंच. काकांनी पहिल्या दिवशी त्याचा ब्रुण्या केला आणि जाहीर केलं की जेवण बघायचं काकूंनी, फिरवायचं शेजारच्या पोरांनी, आपण या भानगडीत पडणार नाही.

चौथ्या दिवशी कानात पहिली गोचीड सापडली.

मला तो क्षण आठवतो, कारण मी समोरच्या पडवीत होतो. काका वाकले, बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. एकतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा रंगाच्या डब्यात गुठळी सापडली असेल, तेव्हा चेहरा असाच उजळला असावा. 'माल नापास,' ते म्हणाले, आणि घरात जाऊन एक दोनशे पानी वही घेऊन आले.

ती वही आजही चालू आहे, म्हणजे तिचा सहावा की सातवा भाऊ. तारीख, वेळ, जागा (डा. का., उ. ब., पु. पा. बे.), संख्या, आकार, शेरा. पावसाळ्यात पानं भरभर उलटतात. वहीवर मराठी शाळेतल्या मुलाचं लेबल आहे आणि 'विषय' या रकान्यापुढे लिहिलंय: ब्रुण्या.

गावाकडे औषधांची वाण नव्हती. गोचीड म्हटल्यावर प्रत्येकाकडे आजोबांचा एकेक उपाय निघाला. एकाने रॉकेल सांगितलं, दुसऱ्याने तंबाखूचं पाणी, तिसऱ्याने सीताफळाच्या बियांची पूड. एका मच्छीवाल्या मावशीने तर पेटती उदबत्ती टेकवायला सांगितली. काकांनी प्रत्येक उपाय ऐकून घेतला आणि कारखान्यातल्यासारखा 'चाचणीसाठी स्वीकृत' किंवा 'अस्वीकृत' असा शिक्का मारला. रॉकेल अस्वीकृत, कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. तंबाखूही अस्वीकृत, कारण ते पाणी कालवतानाच काकांना घेरी आली. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं, पण डोळ्यात गेली तर बुबुळ जायबंदी करते. उदबत्तीवर त्यांनी मावशीला अर्धा तास समजावलं: गोचिडीला डिवचलं, चटका दिला, की ती पोटातलं सगळं जखमेत ओकते, म्हणजे जे टाळायचं तेच घडतं. तोंडाशी चिमटा लावायचा, कातडीच्या अगदी लगत, आणि सरळ, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही, बोटांनी चिरडायचं तर मुळीच नाही. मावशी ऐकून म्हणाली, 'तुला येवढा वेळ हाय तर वड.'

करंजाचं तेल मात्र 'चाचणीसाठी स्वीकृत' झालं. आता चाचणी म्हटलं की तुलनेला नमुना हवा, हे कुठल्याही क्वालिटीवाल्याला सांगावं लागत नाही. पण कुत्रा एकच. काकांनी ब्रुण्याच्या पाठीवरून, मानेपासून शेपटीपर्यंत, खडूने रेघ मारली. डावा अर्धा भाग तेल, उजवा अर्धा कोरा. आठ दिवस तो कुत्रा एका बाजूने पितळेसारखा चकाकत आणि दुसऱ्या बाजूने ताकात बुडवल्यासारखा फिका असा गावभर फिरला. काकूंनी फक्त एवढं मागितलं की त्याने चादरीवर उजव्या कुशीवर झोपावं. आठव्या दिवशी मोजणी झाली. डावीकडे तीन. उजवीकडे एकेचाळीस.

'तेल गोचिडी मारत नाही,' काकांनी निष्कर्ष लिहिला, 'फक्त त्यांची बदली करतं.'

यानंतर काका ब्रुण्याला रिक्षात घालून पालघरला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं त्याने काकूंच्या संसाराचं जे व्हायचं ते झालं. डॉक्टर म्हणाले, 'कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या. बाकीच्या तुमच्या घरात आहेत.'

इथे मला काकांचं व्याख्यान थोडक्यात द्यावंच लागेल, कारण ते मी थोडक्यात कधीच ऐकलेलं नाही. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड म्हणजे, काकांच्या भाषेत, आपल्या बाजूचा रोजचा प्रवासी. डहाणूला चढायचं, विरारला उतरायचं, फलाटावर थांबायचं, दुसरी पकडायची, पुन्हा उतरायचं, तिसरी पकडायची. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय. ते कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, उतरतं, कुठल्यातरी फटीत बसून कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. ('बढती मिळाली की दोन पाय जास्त.') मग दुसऱ्यांदा चढणं, पिणं, उतरणं. तिसऱ्यांदा चढते ती पूर्ण वाढलेली. मादी फुगते, गळून पडते, भिंतीने वर चढते आणि एखाद्या भेगेत अंडी घालून मरते. किती? तीन-चार हजारांपर्यंत. आणि गाडी चुकली, म्हणजे कुत्राच मिळाला नाही, तरी वाढलेली गोचीड उपाशीपोटी महिनोन्‌महिने, कधी वर्षभरसुद्धा, फलाटावर तग धरते. 'आणि तिकीट?' काका विचारतात. उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. 'आपण काढतो.'

तेव्हा काकांनी फलाट बंद करायला घेतला. टॉर्च आणि पांढऱ्या सिमेंटची पिशवी घेऊन ते रात्री भिंतींवरून फिरू लागले. ओट्याच्या भेगा, चौकटींच्या कडा, खाटेचे सांधे, मीटरच्या फळीमागची जागा. देव्हाऱ्यामागे बोटभर फट निघाली. काकू आडव्या आल्या: 'तिथे गोचीड असलीच, तर ती देवाच्या आसऱ्याला आली आहे. राहू दे.' दोन दिवस बोलणी झाली. अखेर कुलदैवतासकट सगळे देव जेवणाच्या टेबलावर आले, पूजा, आरती आणि पापलेटची आमटी एकाच टेबलावर पाळीपाळीने झाली, आणि फट बुजली. काकू ती आठवण आजही सोमवारी काढत नाहीत.

घरातल्या फटी संपल्यावर काकांची नजर गावाच्या फटींवर गेली. आणि शिरगावात सगळ्यांत जास्त फटी कुठे असतील, तर किल्ल्यात. मुंबईहून येणारे लोक तिथे बुरूज बघतात, आणि आत तो फांद्या फुटलेला ताड आहे त्याचे फोटो काढतात. एकदा मी माझ्या ऑफिसातल्या दोन मित्रांना किल्ला दाखवत होतो. चिमाजीअप्पांच्या स्वारीत, १७३९ साली, हा सगळा किनारा पोर्तुगीजांच्या हातून कसा आला, ते मी जरा आवाज चढवून सांगत होतो. तटाला भिंग लावून उभा असलेला एक माणूस मागे न वळता म्हणाला, 'घेतला खरा. पण दर्जा भरलेल्या नाहीत.'

समुद्रावर त्यांचा वेगळा जाच. शनिवार-रविवारी सुरूच्या बनात गाड्या लागतात, आणि हल्ली दर तिसऱ्या गाडीतून कुत्रा उतरतो. एवढ्या उकाड्यात केसाळ हस्की घेऊन आलेल्या एका जोडप्याला काकांनी नमस्कार न करताच विचारलं, 'जंताचं औषध कधी दिलंत?' बाई म्हणाली, 'एक्सक्यूज मी?' काका म्हणाले, 'तारीख सांगा.' त्या बिचारीला वाटलं, हा ग्रामपंचायतीचा माणूस. तिने फोनमध्ये शोधून तारीख सांगितली. पाच महिने झाले होते. मग काकांनी त्यांना वाळूवर बसवून सांगितलं की कुत्र्याच्या विष्ठेतून आकडीकृमीची अंडी ओल्या, सावलीतल्या वाळूत पडतात, त्यातून निघालेल्या अळ्या अनवाणी माणसाच्या तळव्यातून आत शिरतात आणि कातडीखालून नागमोडी, खाजऱ्या रेघा काढत फिरतात. म्हणून वाढलेल्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी गोळी, आणि त्याने जे केलं ते पिशवीत उचलायचं. ते जोडपं बूट घालूनच समुद्रात गेलं.

हे औषधाचं वेळापत्रक काकांकडे कालनिर्णयवर असतं. १० फेब्रुवारीला शाळेतल्या पोरांना सरकार जंतनाशक दिनाची गोळी देतं, २०१५पासून. काकांनी ब्रुण्याचं वर्षही त्याच दिवशी सुरू केलं, लक्षात राहायला बरं. तिथून तीन-तीन महिन्यांनी खुणा. त्यामुळे त्यांच्या भिंतीवर 'संकष्ट चतुर्थी, चंद्रोदय' याच्या खाली निळ्या शाईत 'ब्रुण्या, जंत' असं वाचायला मिळतं. गोळी भरवणं हा आणखी निराळा प्रकार. सुक्या बोंबलात लपवली तर ब्रुण्या बोंबील खातो आणि गोळी, धुतल्यासारखी स्वच्छ, काकांच्या चपलेवर ठेवतो. काकू ती गुळाच्या खड्यात घालून एका मिनिटात देतात. यावर काकांचं म्हणणं असं की पद्धत बरोबर नसताना आलेला निकाल धरता येत नाही.

एकदा मात्र त्यांच्या या उठाठेवीने एक जीव वाचला, तेवढं मान्य केलं पाहिजे. पलीकडच्या घरात कुत्र्याच्या पिसवांसाठी आणलेले थेंब, उरले म्हणून, मांजरीच्या मानेवर घालायला काढले होते. काका कुंपणावरून ओरडले. त्यात पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला चालतं, मांजरीला विष. घाईत त्यांनी मांजर उचलून छातीशी धरलं आणि ओरबाडून घेतलं. 'मांजरंही आवडत नाहीत मला,' डेटॉल लावताना ते म्हणाले.

त्यांच्या आयुष्यातला मानाचा काळ म्हणजे सप्टेंबर २०२०. सगळं जग करोनाने दारं लावून बसलेलं, आणि पालघर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाने काँगो तापाबद्दल सावधगिरीचा इशारा काढला. शेजारी गुजरातेत तो ताप आढळला होता. गुरांच्या अंगावरच्या गोचिडींतून तो माणसात येऊ शकतो, असं त्यात होतं. गोचीड हा शब्द सरकारी कागदावर! काकांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली. दुसऱ्या दिवशी मास्क, हातमोजे आणि डोक्याला प्लास्टिकची टोपी लावून ते गोठ्यागोठ्यांतून निघाले. लोकांनी एवढंच पाहिलं की टोपी-हातमोजे घातलेला एक माणूस वही घेऊन नावं विचारत येतोय. करोनाची तपासणी आली म्हणून भराभर दारं लागली. एक कुटुंब मागच्या दाराने वाडीत पळालं. काकांना अख्ख्या आळीत एकच गोठा तपासता आला, तोही मालक आजारी होता आणि पळू शकला नाही म्हणून. पण क्वालिटीचा माणूस तो क्वालिटीचाच. आपल्या मानाच्या काळातही ते सगळ्यांना सांगत होते की काँगोवाली हायलोमा निराळी, पायांवर पट्टे असलेली, गुरांची. ब्रुण्यावरची तपकिरी निराळी. 'माल सारखा दिसतो म्हणून बॅच एक धरायची नाही.'

आणि मग दोन वर्षांपूर्वीचा भाद्रपद.

ब्रुण्याने सकाळचा भात शिवला नाही. दुसऱ्या दिवशी बोंबीलही नाही. तिसऱ्या दिवशी ओट्यावर, जिथे तो तोंड टेकून झोपतो तिथे, रक्ताचे दोन थेंब दिसले. नाकातून. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी असतात त्या कागदासारख्या झाल्या होत्या. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात कुत्र्याला निदान दीड-दोन लाख हव्या असतात त्या प्लेटलेट बत्तीस हजारांवर होत्या. गोचीडताप. एर्लिकिया नावाचा जंतू, तपकिरी गोचिडीच्या लाळेतून येतो. डॉक्सिसायक्लिनची गोळी, अठ्ठावीस दिवस, एकही दिवस न चुकता.

त्या अठ्ठावीस दिवसांत काका कोणाला काही बोलले नाहीत. मोत्या आपणहून कान पुढे करून उभा राहिला, तर त्यालाही ओलांडून गेले. मी एकदा बसायला गेलो तेव्हा त्यांनी वही माझ्यापुढे टाकली. ऑगस्टची दोन पानं. बोट फिरवत त्यांनी दाखवलं: शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. 'माझी सही आहे खाली,' ते म्हणाले. 'पास केला होता मी.'

काकूंनी आतून सांगितलं, 'रात्री ओट्यावर झोपतात. डास फोडून खातायत.'

'पंखा आत गरम हवा फेकतो,' काका म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात ब्रुण्याने काकांच्या चपलेवर गोळी ठेवली, गूळ चाटून, धुतल्यासारखी स्वच्छ. काकूंनी त्या दिवशी शिरा केला.

तो उठल्यावर डॉक्टरांनी नवी गोळी सुचवली. चघळायची, एक दिली की बारा आठवडे बघायला नको. गोचीड चावली की मरते. काकांनी आठवडाभर तिचा कागद भिंगाने वाचला. त्यांचा आक्षेप तत्त्वाचा होता. 'म्हणजे चोराने आधी घरात येऊन कपाट फोडायचं, मग पोलीस?' किमतीबद्दलही बरंच बोलले. त्या पैशात पूर्वी बोईसरचा महिन्याचा पास यायचा. पण गोळी आणली. ब्रुण्याने ती, मटणाचा वास असल्यामुळे, बोटांसकट घेतली.

तेव्हापासून वहीत शून्यं आहेत. एखाददुसरी सापडते ती मेलेली, वाळलेली. ती बरणीत टाकायलाही काकांना लाज वाटते. बरणीतलं स्पिरिट उडून निम्मं झालंय. मुलगा मध्ये आला होता, नातू आता शाळेत जातो, म्हणाला, 'बाबा, आता फ्लॅट मोठा घेतलाय, नेऊ का याला?' काका म्हणाले, 'ने की. मला कुठे कुत्री आवडतात?' आणि उठून मुलाला तिकडच्या पावसाळ्याची, बिल्डिंगच्या आवारातल्या भटक्या कुत्र्यांची, लिफ्टच्या कोपऱ्यांची आणि बारा आठवड्यांचा हिशेब चुकणाऱ्या नोकरदार माणसांची इतकी माहिती दिली की त्याची सातची डहाणू लोकल चुकली. ब्रुण्या इथेच आहे.

काल चार वाजता मी पडवीत चहा घेत होतो. समोर काका ओट्यावर बसले, वही उघडली, चष्मा पुसला. ब्रुण्या, आता तोंडावर पांढरा झालेला, बागेतून उठून आला आणि हाक मारायच्या आधीच त्यांच्या मांडीवर डोकं टाकून डावा कान वर करून पडला. काकांनी कान उलटा केला. भिंग लावलं. बराच वेळ बघितलं.

'काही नाही,' ते म्हणाले.

ब्रुण्याने कूस बदलून दुसरा कान दिला.